दगडांनी भरलेले घर : डॉ. गिडियन मॅन्टेल यांची जीवनकथा



तुमच्या घरात असे एखादे मूल नक्की असेल, की ज्याच्या दप्तरात वह्यापुस्तकांबरोबर खडे, शिंपले आणि चिंचोकेही सापडतात. अम्मी रागावते, अब्बा कचरा समजून सारे बाहेर फेकतात आणि मूल दुसऱ्या दिवशी नवे खडे घेऊन हजर होते. अशा मुलाचे काय करावे, हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका जोडे शिवणाऱ्याच्या मुलाने असेच दगड घरी आणले, नीट लावून ठेवले आणि त्या दगडांतून एका हरवलेल्या जगाचा पत्ता लावला. त्याच दगडांनी पुढे त्याचे घर गिळून टाकले. या दोन्ही गोष्टी तुम्हाला सांगाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

गिडियन मॅन्टेल यांचा जन्म ३ फेब्रुवारी १७९० रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील ससेक्स परगण्यात, लुईस या गावी झाला. वडील थॉमस मॅन्टेल जोडे शिवण्याचा धंदा करीत. हे कुटुंब मेथडिस्ट पंथाचे, म्हणजे ख्रिस्ती असूनही सरकारमान्य चर्चच्या बाहेरचे होते. तेथील मोफत शाळा मात्र सरकारमान्य चर्चच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. त्यामुळे हुशार असूनही गिडियनला त्या शाळांचे दार बंदच राहिले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांना शाळेच्या दारावरून परत फिरण्याचा अनुभव आहे. त्यांना थॉमस मॅन्टेल यांची तळमळ समजेल. पण ते नशिबाला दोष देत बसले नाहीत. त्यांनी मुलाला आधी एका म्हाताऱ्या बाईकडे अक्षरओळखीसाठी पाठवले. ती वारल्यावर गावातील एका खाजगी शिक्षकाकडे धाडले आणि नंतर धर्मोपदेशक असलेल्या त्याच्या काकांकडे शिकायला ठेवले. पंधराव्या वर्षी गिडियन लुईसमधील जेम्स मूर या डॉक्टरांकडे उमेदवारीला लागला. औषधाच्या बाटल्या धुणे, गोळ्या वळणे, पुड्या बांधणे अशी कामे करता करता तो वैद्यक शिकला. पुढे लंडनला जाऊन १८११ साली त्याने शस्त्रवैद्याची सनद मिळवली आणि गावी परतून मूर यांच्याच दवाखान्यात भागीदार झाला.

डॉक्टर म्हणून मॅन्टेल यांचा लौकिक मोठा होता. त्या काळी गावात पटकी, देवी आणि विषमज्वराच्या साथी येत. कधी कधी दिवसाला पन्नासहून अधिक रोगी त्यांना पाहावे लागत. वर्षाकाठी दोन-तीनशे बाळंतपणे त्यांच्या हातून होत आणि बाळंतिणी दगावण्याचे प्रमाण त्यांच्याकडे फार कमी असे. रात्री-अपरात्री घोड्यावर बसून ते आडगावी जात. १८१६ साली मेरी ॲन वुडहाऊस या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांत त्यांनी मूर यांचा दवाखाना स्वतःकडे घेतला आणि कॅसल प्लेस नावाच्या घरात संसार थाटला. या घराच्या दर्शनी खांबांचे माथे एका प्राचीन सागरी प्राण्याच्या, म्हणजे ॲमोनाईटच्या गुंडाळलेल्या शंखासारखे घडवलेले आहेत. घराच्या मालकाचा छंद जणू दारावरच कोरला होता.

हा छंद होता जीवाश्मांचा. लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला प्राणी किंवा झाड गाळात पुरले जाते, वर थरावर थर चढतात, हाडाच्या किंवा लाकडाच्या बारीक छिद्रांत खनिजे भरतात आणि शेवटी त्याचा दगड होतो. अशा दगडाला जीवाश्म म्हणतात. लुईसभोवतीच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या. त्यांत शंख-शिंपले व मासे सापडत. तेथून काही कोसांवर ककफील्ड गावाजवळच्या खाणींत त्याहून जुने वालुकाश्माचे थर होते आणि त्यांतून मोठी, ओळखू न येणारी हाडे निघत. मॅन्टेल यांनी खाणमजुरांशी स्नेह जोडला. काही विशेष सापडले की मजूर ते बाजूला ठेवीत, डॉक्टरसाहेब त्यांना पैसे देत आणि पेटी लुईसला येई. दिवसभर रोगी तपासून झाले की रात्री दिव्याच्या उजेडात ते छिन्नी घेऊन बसत आणि हाडाभोवतीचा दगड कणाकणाने काढीत. झोप जेमतेम चार-पाच तासांची होई.

आता घरातील मांडणीकडे या. कारण खरे शिकण्यासारखे तेथेच आहे. सापडलेला दगड नुसता कपाटात टाकला तर काही दिवसांनी तो कोठून आला हे मालकालाही आठवत नाही, आणि ज्याचे ठिकाण हरवले तो जीवाश्म शोभेच्या दगडाहून अधिक काही सांगू शकत नाही. मॅन्टेल हे पक्के जाणून होते. कोणता नमुना कोणत्या खाणीतून, कोणत्या थरातून आला याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. खडूच्या थरातले वेगळे आणि खालच्या वालुकाश्मातले वेगळे. हळूहळू घराचा दिवाणखानाच संग्रहालय बनला. पाहुण्यांनी बसावे तेथे कपाटे उभी राहिली.

या कामात मेरी ॲनबाईंचा वाटा फार मोठा आहे. १८२२ साली मॅन्टेल यांचे ससेक्समधील जीवाश्मांवरचे पहिले मोठे पुस्तक निघाले. त्यातील चित्रांचे ठसे या बाईंनी स्वतः ते कसब शिकून, घरची लेकरे सांभाळून तयार केले होते. इंग्लंडचे राजे चौथे जॉर्ज यांनी या पुस्तकाच्या चार प्रती मागवल्या. ज्याच्या बापाला मुलासाठी मोफत शाळा मिळाली नव्हती, त्याच्या पुस्तकाच्या ग्राहकांच्या यादीत पहिले नाव राजाचे लागले.

याच सुमारास मॅन्टेल यांच्या संग्रहात काही विचित्र दात आले. मोठे, तपकिरी आणि चावून चावून झिजलेले. मेरी ॲनबाईंना पहिला दात रस्त्याकडेच्या खडीत दिसला, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांतून सांगितली जाते. परंतु तिला भक्कम पुरावा नाही, आणि मॅन्टेल यांनी स्वतः पुढे हा शोध आपल्याच नावे सांगितला. ते कसेही असो, दात झिजलेला होता याचा अर्थ प्राणी पाला चघळून खाणारा होता. पण ज्या थरातून तो आला, त्या काळी मोठे सस्तन प्राणी नव्हतेच. मग हा कोण? पाला चघळणारा प्रचंड सरपटणारा प्राणी त्यावेळी कोणालाच ठाऊक नव्हता.

लंडनच्या विद्वानांपुढे दात ठेवले तेव्हा बहुतेकांनी ते माशाचे किंवा अलीकडच्या एखाद्या सस्तन प्राण्याचे ठरवले. १८२३ साली चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञाने एक दात पॅरिसला नेऊन कुव्हिये यांना दाखवला. प्राण्यांच्या हाडांबाबत कुव्हिये यांचा शब्द त्या काळी प्रमाण मानला जाई. त्यांनी प्रथमदर्शनी तो गेंड्याचा ठरवला. एका खेड्याच्या डॉक्टरने येथे हात टेकले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण मॅन्टेल यांच्याजवळ एक गोष्ट होती, जी पॅरिसच्या विद्वानाजवळ नव्हती : दात कोणत्या थरातून निघाला याची खात्री. त्या थरात गेंडा असणे शक्य नव्हते. म्हणून ते नमले नाहीत. पुढे १८२४ साली कुव्हिये यांनीही आपले मत बदलले आणि हा पाला खाणारा सरपटणारा प्राणी असावा, हे मोठ्या मनाने मान्य केले.

आता या दातांशी जुळणारा दात कोणत्या जिवंत प्राण्याचा, हे शोधायचे होते. १८२४ मध्ये मॅन्टेल लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात गेले. हे संग्रहालयही मुळात जॉन हंटर या शस्त्रवैद्याने आपल्या घरी जमवून मांडलेला खाजगी संग्रह; त्याच्या मृत्यूनंतर १७९९ साली सरकारने तो पंधरा हजार पौंडांना विकत घेतला होता. तेथील खणांमागून खण उघडून मॅन्टेल शोधत राहिले, पण जोड मिळेना. तेव्हा सॅम्युअल स्टचबरी या तेथील साहाय्यकाने अमेरिका खंडातील इग्वाना नावाच्या सरड्याचा सांगाडा पुढे केला. दातांचा घाट तोच, फक्त मॅन्टेल यांचे दात कितीतरी पटींनी मोठे! कोडे सुटले. एकाने जपून ठेवलेला संग्रह दुसऱ्याने जपून ठेवलेल्या संग्रहाच्या असा उपयोगी पडला.

१८२५ च्या फेब्रुवारीत मॅन्टेल यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. त्यांनी या प्राण्याला इग्वानोडॉन, म्हणजे इग्वानाच्या दाताचा, असे नाव दिले आणि त्याच वर्षी ते सोसायटीचे सदस्य निवडले गेले. पुढे १८३२ मध्ये खाणीत सुरुंगाने फुटलेल्या एका दगडाचे सुमारे पन्नास तुकडे त्यांच्याकडे आले. इतरांनी टाकून दिले असते ते तुकडे त्यांनी जुळवले, तेव्हा चिलखती पाठीचा आणखी एक प्राणी, हायलिओसॉरस, समोर आला. या सर्वांना डायनोसॉर हे नाव रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली दिले. परंतु ज्या तीन प्राण्यांवरून ते नाव उभे राहिले, त्यांतील दोन मॅन्टेल यांच्या घरातील होते.

वाचकहो, गोष्ट येथे संपली असती तर ती केवळ यशाची कथा झाली असती. पण पुढचे ऐकल्याशिवाय या जीवनातला धडा पुरा होत नाही.

कीर्ती वाढली तशी संग्रह पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. मोठ्या लोकांत वावरावे, श्रीमंत रोगी मिळावेत, अशी इच्छा मॅन्टेल यांच्या मनात निर्माण झाली. एका उमरावाने एक हजार पौंडांची मदत दिली आणि १८३३ च्या अखेरीस चालता दवाखाना सोडून ते समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात, राजवाड्याजवळच्या मोठ्या घरात गेले. तेथे झाले उलटेच. या घराच्या दारात गर्दी उसळे, पण ती रोग्यांची नव्हे, हाडे पाहणाऱ्यांची. डॉक्टर सारा दिवस पाहुण्यांना नमुने समजावून सांगण्यात घालवीत आणि दवाखाना ओस पडे. १८३४ मध्ये मेडस्टन येथील खाणीत इग्वानोडॉनच्या पुष्कळशा हाडांची एक मोठी शिळा निघाली. मालकाने पंचवीस पौंड मागितले. मित्रांनी वर्गणी काढून ती शिळा त्यांना घेऊन दिली. मान होता, पदके होती, पण घरात पैसा नव्हता.

१८३६ साली मित्रांनी तोडगा काढला तो असा की, घराचेच सार्वजनिक संग्रहालय करावे. तसे झाले. खोल्यांत कपाटे मांडली गेली, व्याख्याने होऊ लागली. आणि मेरी ॲनबाई व मुले यांना स्वतःचे घर सोडून दुसरीकडे राहायला जावे लागले. ज्या बाईने या दगडांची चित्रे काढण्यात आपली उमेदीची वर्षे घातली, तिला त्याच दगडांनी घराबाहेर काढले. एवढे करूनही भागले नाही. शेवटी १८३८ मध्ये मॅन्टेल यांनी आपला सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला चार हजार पौंडांना विकला आणि लंडनजवळ क्लॅपमला नवा दवाखाना घेतला.

पण घर पुन्हा उभे राहिले नाही. १८३९ मध्ये मेरी ॲनबाई त्यांना कायमच्या सोडून गेल्या. थोरला मुलगा वॉल्टर दूर न्यूझीलंडला निघून गेला. लाडकी लेक हॅना दीर्घ आजारानंतर १८४० मध्ये वारली. १८४१ मध्ये घोडागाडीच्या अपघातात मॅन्टेल यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली आणि पुढची अकरा वर्षे वेदनांत गेली. तरीही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. सामान्य वाचकांना आणि मुलांना समजतील अशी भूशास्त्राची पुस्तके ते लिहीत राहिले. १८४९ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे पदक मिळाले. १० नोव्हेंबर १८५२ रोजी, दुखणे शमवण्यासाठी घेतलेल्या अफूच्या औषधाची मात्रा अधिक होऊन त्यांचा अंत झाला.

त्यांच्या निष्कर्षांत चुकाही होत्या. इग्वानोडॉनचा एक अणकुचीदार हाडाचा काटा त्यांनी नाकावरचे शिंग समजून रेखाटला. १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत अनेक पूर्ण सांगाडे सापडले, तेव्हा तो काटा अंगठ्याचा असल्याचे उघड झाले. चूक दुरुस्त करता आली, कारण मूळ हाडे जपलेली होती. त्यांचा संग्रह आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे, तर वॉल्टरबरोबर गेलेला इग्वानोडॉनचा एक दात न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. तुम्हालाही असा संग्रह करावासा वाटला तर फार पैसा लागत नाही. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हारसाच्या काळ्या कातळाचा असल्याने जीवाश्म सर्वत्र मिळत नाहीत; पण विदर्भात नागपूरच्या आसपास दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात शंख व वनस्पतींचे अवशेष सापडले आहेत, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत. संरक्षित जागेवरून किंवा दुसऱ्याच्या शेतातून न विचारता काहीही उचलू नका. एखादे मोठे हाड दिसले तर ते उकरू नका. जागा लक्षात ठेवून शिक्षकांना कळवा.

जे घरी आणाल त्यावर एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या आणि सुकल्यावर त्यावर शाईने क्रमांक लिहा. तोच क्रमांक वहीत लिहून पुढे गाव, नेमकी जागा, कोणत्या थरात मिळाला, तारीख आणि कोणी दिला ते नोंदवा. जे ठाऊक नसेल त्याची जागा कोरी ठेवा, अंदाज खरा म्हणून लिहू नका. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करा, नाजूक नमुन्याखाली कापूस घाला आणि प्रत्येकाजवळ चिठ्ठी ठेवा. जड दगड खालच्या फळीवर ठेवा, म्हणजे लहान भावंडांच्या अंगावर पडणार नाहीत. सुबक दिसतील म्हणून साऱ्यांची सरमिसळ करू नका. एका ठिकाणचे एकत्र ठेवा. दहा नमुने नीट नोंदलेले असतील तर ते बेवारशी शंभर दगडांहून मोलाचे आहेत.

पालकहो, तुम्हाला विनंती अशी की मुलाला एक फळी द्या. फेकून देण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसून, हा खडा कोठला, असे विचारा. पवित्र कुराणात सृष्टीकडे पाहून विचार करण्याचा आग्रह वारंवार आला आहे. मुलाच्या हातातला दगड हाही त्याच सृष्टीचा तुकडा आहे. पण त्याच वेळी फळीची मर्यादाही त्याला शिकवा. फळी भरली की नवा नमुना घेण्याआधी जुना शाळेच्या संग्रहाला द्यावा. छंदासाठी अभ्यास बुडू नये, घरखर्चाला हात लागू नये, आणि घरातल्या माणसांची जागा वस्तूंनी घेऊ नये.

मॅन्टेल यांना शाळेने दार उघडले नाही, तरी ते विद्वान झाले. दगडांची जागा ठरवण्यात ते कधी चुकले नाहीत. माणसांची जागा मात्र राखता आली नाही. त्यांची पहिली गोष्ट तुमच्या मुलांना लाभो आणि दुसरीपासून ती दूर राहोत, हीच दुआ.